‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथातील कर्मविचार व दुःखिताचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. मराठीत तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या नावाने घरोघरी पोहोचला आहे. ख्रिस्ती वर्तुळात ह्या ग्रंथाची जी चर्चा आमच्या वाचनात व ऐकण्यात आली, ती बव्हंशी दोन प्रश्नांभोवती घोटाळत राहिलेली आहे: ग्रंथकर्त्याने ईश्वर का नाकारला, आणि त्याने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार का केला नाही. हे दोन्ही प्रश्न आमच्या सोयीचे आहेत; ते विचारताना आपण परीक्षकाच्या आसनावर बसलेले असतो. प्रस्तुत लेखात ते बाजूस ठेवून आम्ही एकाच विषयाचा विचार करणार आहोत. माणसावर आपत्ती कोसळते तेव्हा तिचा त्याच्या कर्माशी संबंध काय, आणि ती कोसळल्यावर त्याच्या चित्ताची वाट काय, ह्याविषयी हा ग्रंथ काय सांगतो आणि काय सांगावयाचे राहून जाते, एवढेच पाहावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास एक स्थानिक कारणही आहे. सौंसर तालुक्यातील बोरगाव व त्याचा आसमंत पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे; २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, पण घरची बोली मराठी आणि ओढा नागपूरकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी हा टापू आणि नागपूर एकाच राज्यात होते. पुढे अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. धम्म सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात जमून हा ग्रंथ मोठ्याने वाचण्याची जी प्रथा विदर्भात रूढ आहे, ती इकडच्या बौद्ध वस्त्यांनाही परकी नाही. असे असूनही कोणाचे लेकरू दगावले, कोणाची संत्र्याची बाग गारपिटीने झोडपली, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी येणारे शब्द बहुधा ठरलेलेच असतात: ‘मागच्या जन्माचे भोग हायेत, भोगाच लागतात.’ हे शब्द ज्या घरात तीन महिने हा ग्रंथ ऐकला गेला त्या घरातही उच्चारले जातात. आणि येशूच्या अनुयायांच्या घरात ते उच्चारले जात नाहीत असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आपल्या मंडळीत थोडे अधिक कान देऊन बसावे अशी आमची विनंती आहे.

आता ग्रंथाकडे वळू. प्रस्तावनेत डॉ. आंबेडकर चार प्रश्न उपस्थित करतात आणि त्यांतील तिसरा आपल्या विषयाचा आहे. बुद्धाने आत्मा नाकारला, पण कर्म व पुनर्जन्म मान्य केले असे सांगितले जाते. आत्माच नसेल तर कर्म कोणाचे आणि जन्म पुन्हा कोणाचा, अशी ही अडचण. तिचे उत्तर त्यांनी दोन ठिकाणी दिले आहे. तिसऱ्या खंडात, धम्म म्हणजे काय हे सांगताना, कर्म हे विश्वातील नैतिक व्यवस्थेचे साधन होय असे त्यांनी मांडले आहे. ऋतूंचा जसा नियम, बीजाचा जसा नियम, तसा कर्माचा नियम: माणसे कुशल कर्म करतील तर नैतिक व्यवस्था चांगली होईल, अकुशल करतील तर वाईट होईल. येथेच ते एक फार मोठे पाऊल उचलतात. ह्या नियमाचा संबंध सर्वसाधारण नैतिक व्यवस्थेशी आहे, एकेका व्यक्तीच्या सुदैव-दुर्दैवाशी त्याचा काही संबंध नाही, असे ते निःसंदिग्ध शब्दांत सांगतात. दुसरे विवेचन चौथ्या खंडात येते. ब्राह्मणी कर्मवाद आणि बौद्ध कर्मवाद ह्यांत शब्द तेच असले तरी अर्थ भिन्न आहेत हे तेथे दाखविले असून, गतजन्मीचे कर्म ह्या जन्मी फळते ही कल्पना बुद्धाची असूच शकत नाही, असा निष्कर्ष काढला आहे. त्यासाठी आत्म्याच्या अभावाचा युक्तिवाद आहे, आनुवंशिकतेच्या शास्त्राचा आधार आहे, आणि शेवटी एक नैतिक अभियोग आहे. गरिबांच्या व हीनदीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेने आणि समाजाने झटकून टाकावी, ह्यापलीकडे ह्या सिद्धांताचा दुसरा हेतू संभवत नाही. महाकारुणिकाने असले अमानुष मत पुरस्कारिले असेल ही कल्पनाही करवत नाही, असा त्याचा आशय आहे.

ह्या अभियोगाचे वजन पुस्तकी मापाने कळावयाचे नाही. त्याकरिता मंगळवेढ्याकडे पाहावे. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा जातीने महार. आपणास हा जन्म का आला ह्याचे उत्तर त्यांच्या नावावरील एका अभंगात दिलेले आहे: पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून ही जात पदरी आली. ज्याला देवळाच्या पायरीवरून परत फिरावे लागले, तो परतविणाऱ्यांना दोष न देता स्वतःच्या एका न आठवणाऱ्या अपराधाला दोष देतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा. नाव असे, आणि बापाचे उत्तर त्याला पुरले नाही; आमची जात हीन तूच केलीस, असे त्याने थेट विठ्ठलालाच सुनावले. पुढे १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि कामावर लावलेल्या महारांसह चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेव तेथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि ती आणून पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी बांधली. ह्या कथेतील भक्ती थोर आहेच. परंतु भिंत का पडली, तिच्याखाली तेच लोक का होते, हे त्या कथेत कोणीही विचारीत नाही. डॉ. आंबेडकरांचा सारा कर्मविचार हा त्या न विचारलेल्या प्रश्नाचा उच्चार आहे असे आम्हांस वाटते.

तेव्हा त्यांचा नैतिक निकष आम्हांस मान्य आहे. पण परीक्षणाचे काम तेथे संपत नाही. पाली वाङ्मयाच्या साक्षीने तो किती टिकतो हेही पाहिले पाहिजे. आमचा आदरपूर्वक आक्षेप असा की, त्यांच्या बाजूने असलेली साक्ष त्यांनी मांडली त्याहून बळकट आहे, आणि त्यांच्या विरुद्ध असलेली साक्षही त्यांनी मानली त्याहून बळकट आहे.

बाजूची साक्ष प्रथम घेऊ. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धास विचारतो की, माणसाला जे काही सुखदुःख होते ते सगळे पूर्वकृत कर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले म्हणणे काय. उत्तरात आठ कारणे येतात: पित्त, कफ, वात, ह्या तिहींचा संनिपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, दुसऱ्याने केलेला आघात आणि आठवे कर्मविपाक. कर्म आहे, पण आठांत एक, तेही शेवटचे. पहिली सात कारणे ज्याची त्यास ठाऊक असतात आणि जगही ती मानते. म्हणून सगळेच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवालाही ओलांडतात आणि जगाच्या अनुभवालाही, असा त्यांना ठपका दिला आहे. वैद्याच्या ओसरीवर बसून बोलावे तशी ही भाषा आहे.

अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्त ह्याहून कठोर आहे. तेथे तीन मते खोडली आहेत. सर्व काही पूर्वकर्मामुळे होते हे पहिले, सर्व काही ईश्वराच्या निर्मितीमुळे होते हे दुसरे, आणि सर्व काही विनाकारण होते हे तिसरे. तिन्हींवर प्रहार एकच आहे. तसे असेल तर खुनी हा पूर्वकर्मामुळे खुनी, ईश्वराच्या इच्छेने खुनी किंवा उगाच खुनी ठरेल. मग अमुक करावे, तमुक करू नये ह्या इच्छेला आणि प्रयत्नाला जागाच उरणार नाही. मंगळवेढ्याच्या घरात बापाचे मत पहिले आणि मुलाचे मत दुसरे होते हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पांढुर्ण्याच्या वाचकास एक उदाहरण देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्यामध्ये गोटमार होते. दोन्ही तीरांवरून गोटे फेकले जातात, माणसे रक्तबंबाळ होतात, काही वर्षी प्राणही गेले आहेत. कपाळावर गोटा बसला तर तो कोणी फेकला म्हणून बसला. येथे मागच्या जन्मात शिरण्याचे कारण नाही. सीवकाला दिलेल्या यादीतले सातवे कारण ते हेच. गंमत अशी की, पाली वाङ्मयात खुद्द बुद्धाच्या पायाला लागलेल्या दगडाविषयी दोन परस्परविरोधी कथने सापडतात. देवदत्ताने कडा लोटला आणि त्याची कपची बुद्धाच्या पायाला लागली, ही घटना प्रसिद्ध आहे. ‘मिलिंदप्रश्न’ ह्या ग्रंथात राजा मिलिंद नागसेनास विचारतो: ज्याचे सर्व अकुशल जळून गेले त्याला ही पीडा कशी? नागसेन त्याला आठ कारणांची तीच यादी ऐकवितो आणि म्हणतो की कर्मविपाकातून उद्भवणारे थोडे, बाकीच्या कारणांतून उद्भवणारे अधिक. दगडाची जखम ही देवदत्ताच्या आघाताची जखम होय. पण ‘अपदान’ ह्या संग्रहात एक प्रकरण असे आहे की ज्यात बुद्धाच्या आयुष्यातील एकेका पीडेला गतजन्मीचे एकेक पाप जोडून दिले आहे; कपचीच्या बाबतीत, पूर्वी धनाच्या लोभाने सावत्र भावाला डोंगरकपारीत लोटून शिळेने चिरडल्याचे पाप. एका दगडाची ही दोन उत्तरे. परंपरा स्वतःच ह्या प्रश्नावर दुभंगलेली आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत.

विरुद्ध साक्षीत सर्वांत अवघड आहे ती मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्ताची. तोदेय्याचा मुलगा शुभ हा ब्राह्मण तरुण विचारतो की, माणसांत कोणी अल्पायुषी तर कोणी दीर्घायुषी, कोणी रोगी तर कोणी निरोगी, कोणी दरिद्री तर कोणी धनवान, कोणी नीच कुळात तर कोणी उच्च कुळात, असा भेद का दिसतो. अशा सात जोड्या तो पुढे ठेवतो. उत्तर येते की प्राणी हे आपल्या कर्माचे वारस आहेत; आणि मग एकेका स्थितीला गतजन्मीचे एकेक आचरण जोडले जाते. नीच कुळाचे कारण तेथे उद्धटपणा, मानास पात्र असलेल्यास मान न देणे, असे सांगितलेले आहे. चोखोबांच्या अभंगातील कृष्णनिंदेपासून हे किती दूर आहे? आम्हांस तर ते त्याच गल्लीतले वाटते. ह्याच सुत्तात बुद्धाचा खरा भर पुढे कसे वागावे ह्यावर आहे, गतजन्माचा निवाडा करण्यावर नाही, असा बचाव अनेक अभ्यासक करतात. त्यात तथ्य आहे. परंतु ज्याच्या दारात हे सुत्त वाचले जाईल, तो जर गावाबाहेर राहणारा असेल, तर त्याला ह्या बचावाचा फारसा उपयोग नाही.

अशा वचनांचे डॉ. आंबेडकर काय करतात? चौथ्या खंडात त्यांनी कसोट्या दिल्या आहेत. बुद्ध विवेकनिष्ठ होता, म्हणून जे तर्कसंगत ते त्याचे मानावे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत तो पडत नसे. आणि ज्या गोष्टींविषयी त्याची खात्री होती त्या व ज्यांविषयी नव्हती त्या वेगळ्या ओळखाव्यात. बुद्धवचने मुखोद्गत ठेवणाऱ्या भाणकांकडून चुकीचे कथन झाल्याचे दाखले ते त्रिपिटकातूनच देतात. ही पद्धती ख्रिस्ती पंडितांस अपरिचित वाटू नये. शुभवर्तमानांचे थर निराळे करताना त्यांनी ह्याहून धाडसी कात्री चालविलेली आहे. धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथात गौतमाच्या गृहत्यागाची रूढ कथा बाजूला सारून शाक्य-कोलियांच्या कलहाकडे लक्ष वेधले होते, आणि ती दिशा डॉ. आंबेडकरांनी पुढे नेली. पद्धती म्हणून आमची हरकत नाही. हरकत आहे ती अशी, की बुद्ध तर्कसंगत होता हे आधी ठरवून मग जे तर्कसंगत नाही ते त्याचे नव्हे असे म्हटल्यास, मतभेदाला बोलण्याची संधी राहत नाही. कर्म आठांपैकी एक, ही सीवकाला दिलेल्या उत्तरातील मध्यम जागा ह्या पद्धतीत हरवते. सर्व काही गतकर्म म्हणणाऱ्यांस खोडून काढता काढता ग्रंथ ‘व्यक्तीच्या दुर्दैवाशी कर्माचा काहीच संबंध नाही’ ह्या दुसऱ्या टोकाला जातो. ज्या समाजाच्या मानेवर पहिले टोक शतकानुशतके रोवलेले होते त्यासाठी लिहिताना हे स्वाभाविक होते, हे आम्ही जाणतो. तथापि स्वाभाविक असणे आणि पुरेसे असणे ह्या दोन गोष्टी आहेत.

अपुरेपण कोठे जाणवते? समाजाने केलेले अन्याय एकीकडे ठेवले तरी उरणारी आपत्ती आहेच. बहर धरलेल्या बागेवर गारा पडतात. निरोगी दिसणारे मूल तीन दिवसांच्या तापात जाते. येथे राज्यसंस्था दोषी आहे असे नेहमीच म्हणता येणार नाही (बऱ्याचदा म्हणता येते, आणि दवाखाना किती कोसांवर आहे हे विचारल्यावाचून कोणाच्याही मृत्यूला नियतीचे नाव देऊ नये). पण ज्या आईचे मूल गेले तिला ‘कर्माचा नियम नैतिक व्यवस्थेपुरता आहे’ हे सांगून काय होणार? तिच्या डोक्यावरील पापाचा आरोप तेवढा उतरेल. ते थोडे नव्हे. मात्र त्यानंतर ती एकटी उरते.

बौद्ध परंपरेचे उत्तर ह्या ठिकाणी कर्माकडून चित्ताकडे वळते. संयुत्त निकायात बाणाचा दृष्टान्त आहे: अशिक्षित मनाच्या माणसास एक बाण लागतो आणि लगेच दुसरा, पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर चित्ताने केलेल्या आक्रोशाचा. ज्याने चित्त घडविले आहे त्याला पहिलाच लागतो. अंगुत्तर निकायात मिठाच्या खड्याचा दृष्टान्त आहे: तोच खडा पेल्याभर पाण्यात पडला तर पाणी पिववत नाही, गंगेत पडला तर कळतही नाही. कर्म लहानसेच असते, चित्त अरुंद की विस्तीर्ण ह्यावर त्याचा भोग ठरतो. आणि कर्माची व्याख्याच चेतना, म्हणजे हेतू, अशी केलेली असल्याने चित्त हे कर्माचे उगमस्थान आहे तसेच त्याच्या फळाचे ग्रहणस्थानही आहे. हे दोन्ही अर्थ एकत्र धरल्याशिवाय बौद्धांचा कर्मविचार पुरता हाती लागत नाही.

डॉ. आंबेडकरांना चित्ताचे महत्त्व ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. चित्त हे सर्व गोष्टींचे केंद्र होय, हे बुद्धाच्या शिकवणीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून त्यांनीच नोंदविले आहे. पण त्यांच्या विवेचनात ज्या चित्ताला अग्रस्थान आहे ते कर्म करणारे चित्त. आघात सोसणारे चित्त तेथे मागे पडते. किसा गोतमीची कथा ग्रंथात कोठे आली आहे ते पाहिले म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. ती तिसऱ्या खंडातील धम्माच्या व्याख्येत नाही, चौथ्या खंडातील कर्माच्या चर्चेतही नाही. ती आठव्या, शेवटच्या खंडात आहे, बुद्धाची मानवता वर्णन करणाऱ्या भागात, विशाखेच्या सांत्वनाशेजारी. म्हणजे सिद्धांत एका दालनात आणि सांत्वन दुसऱ्या दालनात. सांत्वन हे बुद्धाच्या स्वभावाचे भूषण ठरले, धम्माचे अंग ठरले नाही. वर्षावासात क्रमाने वाचन चालले तर चौथ्या खंडापासून आठव्यापर्यंत पोहोचेस्तोवर आठवडे जातात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ह्या दोहोंची गाठ पडतेच असे नाही.

ही मांडणी अनवधानाने झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. चित्ताच्या उपदेशाला एक धोका आहे आणि तो ग्रंथकर्त्याने ओळखला असावा. दुसरा बाण लागू देऊ नकोस हा उपदेश, पहिला बाण मारणाऱ्याच्या तोंडी गेला म्हणजे विषारी होतो. मजुरी बुडविणारा मालक मजुराला चित्त शांत ठेवावयास सांगू लागला, की धर्माची अफू होते. गेली काही वर्षे शहरांतून ध्यानाची जी शिबिरे भरतात त्यांतून पुष्कळांचे भले होते हे मान्य करूनही, तेथे पहिला बाण कोणी मारला हा प्रश्न क्वचितच निघतो, ही तक्रार बौद्ध कार्यकर्त्यांकडून आम्ही ऐकली आहे आणि ती रास्त आहे.

आता आमच्या घराकडे. ख्रिस्ती पंडितांनी कर्मवादावर शंभर वर्षांहून अधिक काळ टीका केली आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील ए. जी. हॉग यांच्या ‘कर्म अँड रिडेम्प्शन’ (१९०९) ह्या पुस्तकाने तर कर्माची व्यवस्था न्यायालयाच्या धर्तीची आहे, नीतीची नव्हे, असे सूक्ष्मपणे दाखविले. ही टीका करीत असताना तित्थायतन सुत्तात पूर्वकर्माच्या लगोलग ज्याचा निषेध केला आहे ते दुसरे मत आपल्याच व्यासपीठावरून दर आठवड्याला बोलले जाते, ह्याकडे आमच्यातील फार थोड्यांनी पाहिले. स्मशानात उभे राहून ‘देवाची तशी इच्छा होती’ असे आपण ज्या सहजतेने म्हणतो, ती सहजता ‘मागच्या जन्माचे भोग’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या सहजतेहून निराळी आहे काय? त्या आईच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वाक्ये दार बंद करणारी आहेत. एक तिला गुन्हेगार ठरविते, दुसरे देवाला.

पवित्र शास्त्राने आपणास असे बोलण्याची मुभा दिलेली नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी प्रभू विचारतो की, ते यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होते असे तुम्हांस वाटते काय. आणि स्वतःच नाही म्हणतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. जन्मतःच आंधळा असलेल्याने पाप केव्हा केले असेल, हे त्या प्रश्नातच गृहीत धरलेले विलक्षण आहे. आपल्याकडच्या कोणालाही ते विचित्र वाटणार नाही. तेथेही प्रभू दोन्ही बाजूंनी नाही म्हणतो. मात्र पुढील वाक्याचा, देवाची कार्ये प्रकट व्हावीत ह्याचा, अर्थ आपले उपदेशक असा लावतात की चमत्कार दाखविता यावा म्हणून देवाने त्याला आंधळे जन्माला घातले. प्रभूने कारणाचा प्रश्न मिटविला आणि लगेच चिखल कालवून हाताला काम लावले, हा वाक्याचा ओघ आहे असे आम्ही समजतो. ईयोबाच्या पुस्तकात मित्रांचे सारे तत्त्वज्ञान, सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले तेवढा काळ सोडून, शेवटी परमेश्वरानेच नापसंत केले आहे. तेव्हा मंगळवेढ्याची भिंत आणि शिलोहाचा बुरूज ह्यांविषयी डॉ. आंबेडकरांना जे म्हणावयाचे आहे त्याच्या आड येण्याचा ख्रिस्ती माणसाला अधिकार नाही. दुःखिताजवळ कोण उरते, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे आणि आपल्यापुढेही शिल्लक राहतो.

ह्यासाठी किसा गोतमीच्या कथेकडे एकदा परत जावेसे वाटते. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ही स्त्री. तिला बुद्ध असे सांगत नाही की हे तुझ्या पूर्वजन्मीचे फळ. तो तिला चित्त आवरण्याचा उपदेशही प्रथम करीत नाही. ज्या घरात कधी मृत्यू झाला नाही अशा घरून मोहऱ्या आण, असे तो सांगतो. ती श्रावस्तीत दारोदार जाते. प्रत्येक घरी मोहऱ्या आहेत, प्रत्येक घरी कोणी तरी गेलेले आहे. तिचे चित्त ध्यानाच्या आसनावर सावरत नाही, ते दुसऱ्यांच्या उंबरठ्यांवर सावरते. शेकडो वेळा ऐकलेल्या ह्या कथेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: तिला प्रत्येक दारात जाता आले. ती आली म्हणून कोणी पाणी शिंपडले नाही, कोणी लांबूनच मोहऱ्या फेकल्या नाहीत, आणि आपल्या घरातील मृत्यू तिला सांगावासा सर्वांस वाटला.

आमच्या गावांत, ज्या गल्ल्यांतून महारवाडा वेगळा वसविलेला होता, तेथील आईला हा उपाय सांगता आला असता काय? १९५६ पूर्वी तरी खास नाही. कोणत्या घरात कोण गेले हे तिने विचारावयाचे तर त्या घराच्या अंगणात तिला पाऊल ठेवता आले पाहिजे. आठव्या खंडातील सांत्वन चौथ्या खंडातील अभियोगावर अवलंबून आहे ते असे. आणि ग्रंथकर्त्याने ही गाठ स्वतः बांधून दाखविली असती तर त्याच्या कर्मविचारातील जी पोकळी आम्ही वर दाखविली ती बरीच भरून निघाली असती. वाचकाने ती बांधावी. वर्षावासात वाचन करणाऱ्या मंडळींना आम्ही बाहेरचे लोक काही सुचवावे हे आगाऊपणाचे ठरेल, पण चौथ्या खंडातील कर्मप्रकरण ज्या दिवशी वाचले जाते त्याच दिवशी किसा गोतमीची कथाही वाचली जावी असे आम्हांस फार वाटते. आमच्या मंडळ्यांतूनही ह्याच प्रकारचा हिशेब व्हावयाचा आहे. बाप्तिस्मा एक आणि दफनभूमीच्या रांगा जुन्या जातीप्रमाणे निराळ्या, अशी स्थळे अजून आहेत, आणि तेथे शोक करणारी आई कोणत्या घरापर्यंत जाऊन परत फिरते हे त्या त्या मंडळीच्या वडिलांना नेमके ठाऊक असते.